काळ्या केसांचा पहिला पाहुणा

माझा नवरा ब्रेकच्या आवाजाचा इंजिनियर आहे. म्हणजे गाडी थांबताना ब्रेकने किंचाळू नये, म्हणून हा माणूस आयुष्य वेचतो. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये, गाड्यांच्या कारखान्याच्या गावात, असे इंजिनियर इतके, की बेकरीच्या रांगेत दगड मारला तर एकाला नक्की लागेल. त्याच्या नोकरीचा अभिमान बाळगायचा तर मला बऱ्याच बायकांच्या मागे नंबर लावावा लागला असता. पण माझ्या अभिमानाची जागा वेगळी आहे. दोन हजारच्या त्या दशकात, ओळीने तीन वर्षं, माझा नवरा आमच्या पंचक्रोशीतला सगळ्यात जास्त मागणी असलेला शकुनाचा माणूस होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर दुधापासून सुरुवात करायला हवी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आयरिश बाई राहायच्या. साठीच्या, उंच, आणि केस पिकलेल्या मिरचीसारखे तांबडे. त्यांचे जर्मन यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी त्या ऑफिसातल्या लोकांना इंग्रजी शिकवायच्या. जिन्यात भेटल्या की हसायच्या, एवढीच ओळख. मग एक मे उजाडला. जर्मनीत त्या दिवशी सगळं बंद. नेमके आमच्याकडे ह्यांच्या कंपनीतले दोन मराठी संसार, पोराबाळांसकट, न कळवता हजर. चहाला आधण ठेवलं आणि दूध नासलं. मी भांडं घेऊन वर गेले.

बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातलं भांडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दूध? आज? आज नाही ग देता येणार."

त्यांच्यामागे, उघड्या स्वयंपाकघरात, ओट्यावर दुधाचा खोका मला स्पष्ट दिसत होता. मी खाली आले ती फणफणत. पाहुण्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि आत जाऊन ह्यांना म्हटलं, "दोन घोट दूध नाही सुटलं त्या बाईच्या हातून! आता आली कधी साखर मागायला, तर बघतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाई दारात. दोन हातांत दुधाचे दोन खोके, काखेत केक.

"काल रात्रभर झोप नाही मला," त्या म्हणाल्या. "पण मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून दूध बाहेर द्यायचं नसतं. वर्षभराचं लोणी त्याच्याबरोबर जातं. माझी आई तर चुलीतला निखारासुद्धा शेजारच्याला पाइप पेटवायला द्यायची नाही. आणि त्या दिवशी जी बाई दारात दूध मागायला येते ना, ती..."

"ती काय?"

"जाऊ दे."

"नाही, सांगा ना. ती काय?"

"चेटकीण असते, म्हणतात."

मला जो काही आनंद झाला! चेटकीण मला तोपर्यंत फक्त माझ्या नणंदेने म्हटलं होतं, तेही माझ्या पाठीमागे. मी त्यांना आत ओढलं, बसवलं आणि सांगितलं, की आमच्याकडे तिन्हीसांजेला कुणी विरजण मागायला आलं तर देत नाहीत, मीठही देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. बाईंनी माझा हात धरला. "मग तुला कळतंय!" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना जर्मनीत असं माणूसच भेटलं नव्हतं. जर्मन माणसाला अशी गोष्ट सांगितली, की तो आधी "आख झो", म्हणजे "असं होय", म्हणतो आणि मग कारण विचारतो.

त्या दिवसापासून आमचं वर्ष दुहेरी झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या खिडकीबाहेर एक कापड पसरून ठेवायच्या. रात्री त्यांची संत त्या वाटेने जाते, कापडाला तिचा हात लागतो, आणि मग वर्षभर डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. माझ्या अर्धशिशीसाठी मी शेजारी माझी ओढणी पसरली. तळमजल्यावरच्या बाईंनी सकाळी चौकशी केली, की रविवारी धुणं वाळत न घालायचा इमारतीचा नियम बदलला आहे का. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या खिडकीत मेणबत्ती लावायच्या, वाटसरूला घर दिसावं म्हणून. मी खालच्या खिडकीत पणती लावायचे. वाटसरू कुणी आला नाही, पण खालून दोन दिवे वर-खाली फार देखणे दिसायचे.

आणि मग आला नव्या वर्षाचा पहिला दिवस.

"त्या दिवशी," बाई आमच्या सोफ्यावर बसून मला समजावत होत्या, "उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, त्यावर घराचं वर्ष ठरतं. काळ्या केसांचा पुरुष आला पाहिजे. हातात पाव आणि कोळसा घेऊन. म्हणजे घरात अन्न आणि ऊब."

"आणि दुसरं कुणी आलं तर?"

"सोनेरी केसांचा पुरुष वाईट. सगळ्यात वाईट म्हणजे तांबड्या केसांची बाई."

आणि मग त्यांनी सहज, चहात बिस्किट बुडवत, सांगितलं: लहानपणी नव्या वर्षाच्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत घराबाहेर पडू देत नसत. एकदा नजर चुकवून त्या शेतापलीकडच्या मावशीकडे गेल्या, नवीन फ्रॉक दाखवायला. मावशीने खिडकीतून त्यांना पाहिलं आणि दाराला आतून कडी घातली. "मावशी वाईट नव्हती," बाई म्हणाल्या. "तिची गाय व्यायला झाली होती."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझा नवरा ऑफिसातून आला. बाईंची नजर त्याच्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली. दुकानात आपण पैठणीचा पदर उजेडाकडे धरून बघतो ना, तशी.

"देवा," त्या कुजबुजल्या. "किती काळे."

आता इथे मला एक खुलासा करायला हवा. ते केस काळे होते, कारण मी ते काळे करत होते. दर महिन्याला, न्हाणीघरात, खाली जुना पेपर पसरून, जुन्या टूथब्रशने कलप. पण बाईंनी विचारलं होतं का, की हे काळेपण कुठून आलं? नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, हे मला माझ्या आईने शिकवलं आहे.

पहिल्या वर्षी ह्यांनी सगळी वाट लावली. बेल दाबली, पाव पुढे केला आणि "हॅपी न्यू इयर" असं म्हणाले, की वाटावं पार्सल आलंय, सही करा. मी त्यांना जिन्यातून परत खाली आणलं.

"अहो, तुम्ही नशीब आहात! नशीब असं येतं का? छाती पुढे. उजवा पाय आधी. आवाज पोटातून!"

"अगं, पण मी काय नाटकात आहे का?"

"हो."

दुसऱ्यांदा ते असे शिरले, की बाईंच्या कपाटातल्या बश्या वाजल्या. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांना गोडी लागली. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःहून काळा कोट इस्त्री करून घेतला. बाईंच्या दोन आयरिश मैत्रिणींनीही त्यांना बोलावणं धाडलं. फटाक्यांच्या लाल कागदांनी भरलेल्या, चिटपाखरू नसलेल्या रस्त्यातून हे कोट घालून, एका काखेत पाव, दुसऱ्या हातात शेगडीच्या कोळशाची पुडी, असे निघायचे, आणि मी दोन पावलं मागे. नवरदेवामागून करवली चालावी तशी. कंपनीच्या मीटिंगमध्ये ज्याचं बोलणं मधेच तोडतात, त्या माझ्या माणसाची तीन घरांत दार उघडून वाट बघितली जायची. मी कशी चालत असेन, ते तुम्हीच ताडा.

आणि गुण? पहिल्या वर्षी बाईंचं खुब्याचं दुखणं थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. मी काही दावा करत नाही. झालं ते सांगते.

मग चौथं वर्ष जवळ आलं, आणि त्याच्या आधी आल्या माझ्या सासूबाई. साताऱ्याकडच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण मुख्याध्यापिका राहिल्याच. इंग्रजी असं, की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहतो. बाईंशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघी दुपारी चहा पीत बसायच्या आणि कुठल्या वारी नखं कापू नयेत, ह्यावर तास तास बोलायच्या.

त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाईंच्या मुलीला मुलगा झाला. पहिला नातू. आणि बाईंना नेमका असा खोकला लागला, की इस्पितळाने त्यांना दारातूनच परत पाठवलं. नातवाचं रडणं त्यांनी फोनवर ऐकलं. फोटो आला, त्यात टोपी, दुपटं, आणि मधे मुठीएवढा गुलाबी चेहरा. तो फोटो त्या जिन्यात भेटेल त्याला दाखवायच्या. खोकला गेला, डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि मुलीचाही फोन आला: एक जानेवारीला सकाळी घरी सोडताहेत.

बाई तशाच खाली आमच्याकडे आल्या. रंग उडालेला.

"एक जानेवारी! घर आठवडाभर बंद आहे. जावईही इस्पितळातच राहतोय. त्या दिवशी उंबरा ओलांडणार कोण? जावई पिवळ्या केसांचा. मुलगी माझ्यासारखी तांबडी. आणि मी..." त्या थांबल्या. "माझ्यामुळे त्या लेकराच्या पहिल्या वर्षाला काही लागलं, तर मी काय करू?"

"अहो, हे आहेत ना!" मी म्हटलं.

"म्हणून तर आले," त्या म्हणाल्या आणि ह्यांच्या केसांकडे बघून त्यांना जरा धीर आला.

मी त्याच संध्याकाळी कलप काढला. असा लावला, की डोक्यात चेहरा दिसावा. सासूबाई न्हाणीघराच्या दारात येऊन बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. मला तिथेच शंका यायला हवी होती.

एक जानेवारीला सकाळी आम्ही चौघं आमच्या गाडीतून बाईंच्या मुलीच्या घरी गेलो. गावाच्या कडेला, ओळीने बांधलेल्या घरांतलं एक छोटं घर. थंडी अशी, की नाक हातात काढून घ्यावंसं वाटत होतं. बाईंकडे किल्ली होती, पण त्या दारापासून चार हात लांब, फाटकाशीच उभ्या राहिल्या. हे पायरीवर, कोटात, पाव आणि कोळसा घेऊन सज्ज. किल्ली ह्यांच्या हातात द्यायची, हे आत जाणार, मग बाकीचे. सगळं ठरलेलं होतं.

बाईंना भरून आलं. त्या सासूबाईंकडे वळल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "ह्या वयात असे केस! हे तुमच्या घराण्याकडून आले, की त्याच्या वडिलांच्या?"

मी सासूबाईंचा हात दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"मॅडम," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घराण्यात सगळे चाळिशीत पिकले. ह्याचे वडीलही. ह्याला कलप लावलेला आहे. परवाच लावला, तुमच्या मैत्रिणीने."

बाईंनी डोळे पुसायचं थांबवलं.

"आई!" मी ओरडले.

"आई काय आई? लेकराच्या उंबऱ्यावर खोटं चालायचं नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"तीन वर्षं?" बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तीन वर्षं मी रंग आत घेतला?"

"पण खुबा बरा झाला ना!" मी म्हटलं. "लग्न झालं ना! नातू झाला ना!"

ह्यांनी इंजिनियराच्या आवाजात बाजू मांडायचा प्रयत्न केला. "आल्झो, म्हणजे असं बघा, अट काळ्या केसांची आहे. केस मोजायच्या वेळी काळे आहेत. तांत्रिकदृष्ट्या..."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या.

बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी रंगवलेलं नशीब चाललं असतं ग. मी म्हातारी आहे. त्याच्यासाठी नको." आणि किल्ली त्यांनी परत खिशात टाकली.

"अगदी बरोबर," सासूबाई म्हणाल्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि मी आणि माझा काळा कुळकुळीत नवरा समोर, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

आता काळ्या केसांचा माणूस शोधायचा कुठे? नव्या वर्षाच्या सकाळी, त्या वस्तीत! एक धावणारा आला. मी हाक मारून त्याला टोपी काढायला सांगितलं. त्याने काढली. पूर्ण टक्कल. कुत्रा घेऊन एक आजोबा आले, ते पांढरेशुभ्र. कोपऱ्यावरच्या इटालियन हॉटेलाकडे मी पळत गेले, तर शटर खाली. परत येते तोवर फाटकाशी जावयाची गाडी येऊन थांबली होती.

जावई उतरला. केस वाळल्या गवतासारखे. मागून मुलगी उतरली, थकलेली, केस आईचे. मग जावयाने मागच्या सीटवरून बाळाची टोपली काढली आणि तो सरळ दाराकडे निघाला.

"थांब!" बाई ओरडल्या. तो जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

सगळं त्याला सांगितलं. आयरिश शकुन, काळ्या केसांचा माणूस, कलप, तीन वर्षं, सगळं. तो भला माणूस होता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हो, पण बाहेर शून्याखाली आहे. आणि हे बाळ आहे."

"मम्मी," मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मला बसायचंय ग."

बाई टोपलीकडे बघतही नव्हत्या. फाटकाला धरून उभ्या होत्या, आठ दिवस ज्याच्यासाठी झुरत होत्या त्याच्यापासून चार पावलांवर. "तुम्ही जा आत," त्या शेवटी म्हणाल्या. "जे व्हायचं ते होईल. मी दुपारी येते. कुणीतरी येऊन गेल्यावर." आणि त्या खरंच रस्त्याकडे वळल्या.

काय करावं कळेना, म्हणून मी टोपलीत वाकले. बाळ जागं होतं. त्याने प्रचंड जांभई दिली, मान फिरवली, आणि त्याची लोकरीची टोपी एका कानावरून वर सरकली.

मी टोपी काढलीच.

लोकहो, जावळ! दाट, उभं, ओलं असल्यासारखं चमकणारं, कावळ्याच्या पंखाइतकं काळं! माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर मी इतक्या वर्षांत जो रंग आणू शकले नव्हते, तो!

"अहो बाई!" मी अशी ओरडले, की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "कुठे निघालात? तुमचा काळ्या केसांचा पुरुष आलाय! केव्हाचा येऊन थांबलाय, टोपी घालून!"

बाई वळल्या. आल्या. टोपलीत बघितलं. पहिल्यांदा. मग त्यांनी काय केलं असेल? अंगठा जिभेला लावून ओला केला, हळूच त्या जावळावरून फिरवला, आणि अंगठा उजेडात धरून तपासला.

"पक्का आहे," सासूबाई शेजारून म्हणाल्या.

"बारशाच्या आधीच पायगुण तपासतायत त्याचा," हे पुटपुटले.

"पण तो चालत कसा जाणार?" जावई. शेवटी स्वाबियन माणूस, म्हणजे इथल्याच मुलखातला, नियमाला आणि झाडलोटीला पक्का. त्याला आता प्रक्रियेत रस आला होता. "उंबरा ओलांडायचा म्हणजे पायाने ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "आजी नेणार. पुढे धरून. आधी पाय, मग तो, मग आजी."

"मी नको," बाई मागे सरकल्या. "माझे केस..."

"तुम्ही मागून येणार," सासूबाई म्हणाल्या. शाळेत शेवटची घंटा द्यावी तशा आवाजात. "पहिला तो. पहिल्याच्या मागून कोणीही आलं तर चालतं, असं तुम्हीच मला सांगितलंत. घ्या त्याला. आणि मोजा काढा. मोज्यावरून पायगुण लागत नाही."

ही अट आयर्लंडची नव्हती, साताऱ्याचीही नव्हती. सासूबाईंनी ती तिथल्या तिथे केली होती. पण कुणाची हिंमत होती विचारायची?

मुलीने मोजा काढला. बाईंनी नातवाला घेतलं. जावयाने कुलूप उघडून दार ढकललं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहिला, चुकून आधी आत पाय पडू नये म्हणून. बाईंनी दोन्ही हात पुढे लांब केले, देवाची पालखी पुढे काढावी तसे, आणि चिमुकल्या उजव्या पायाचा तळवा उंबऱ्यावर टेकवला. उंबरा बर्फासारखा असणार. नव्या वर्षाचा पाहुणा असा कडाडून रडला, की माझ्या नवऱ्याने तीन वर्षांत कमावलेला आवाज त्यापुढे काहीच नाही.

"हां!" हे कौतुकाने म्हणाले. "पोटातून."

सासूबाईंनी ह्यांच्या काखेतला पाव ओढून घेतला, त्याचा तुकडा मोडला आणि दारातच आजी, नातू आणि बाळंतिणीवरून ओवाळला. आमचा भाकरतुकडा, त्यांचा पाव. मग तो बाहेर टाकला, आणि त्याच्या मागून उरलेल्या पावाचे तुकडे दारभर सांडले. तांबड्या केसांची आजी काळ्या केसांच्या पुरुषामागून आत गेली. मग मुलगी, मग आम्ही. सगळ्यात शेवटी हे, कोळशाची पुडी घेऊन. नोकरी गेलेला माणूस इतका आनंदी मी दुसरा पाहिला नाही.

आत हीटर लागला, चहा झाला. जावई कुठूनसा झाडू घेऊन आला. दारात पावाचे कण पडले होते आणि तो स्वाबियाचा सुपुत्र होता.

"नको!" सासूबाई.

"आज नाही!" बाई.

दोघी एकदम ओरडल्या, दोन भाषांत. आजच्या दिवशी झाडलं तर आत आलेलं भाग्य कचऱ्याबरोबर बाहेर जातं, हे दोघींना ठाऊक होतं आणि त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. झाडू तसाच धरून तो बायकोकडे बघायला लागला. ती हसली आणि तिने मान हलवली. ते कण तिथेच राहिले. त्या घराच्या दारात, त्या गल्लीत, हा केवढा मोठा त्याग होता, हे फक्त झिंडेलफिंगेनकरच समजू शकेल.

तेवढ्यात फोन वाजला. आयर्लंडहून बाईंची थोरली बहीण. फोनचा आवाज इतका मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. बाळाचं वजन तिने विचारलं नाही, नाव विचारलं नाही, बाळंतीण कशी आहे हेही विचारलं नाही.

"पहिलं कोण आलं आत?"

बाई ताठ बसल्या. मांडीवर नातू रडून रडून झोपला होता, एक पाय अजून उघडाच होता, आणि तो त्यांनी आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

"काळ्या केसांचा पुरुष," त्या म्हणाल्या. "आपल्याच घरातला."